शांत गाडी

प्रिय भूपेश,

हे पत्र बघून तू आधी कपाळाला हात लावशील. खिशात फोन असताना ताई कागद काहून खरडून राहिली, म्हणशील. फोन मी केले होते गा. तू उचलले नाहीस, आणि एकदा उचललास तो ओरडायलाच. कागदावर ओरडता येत नाही आणि तो मध्येच कापताही येत नाही, म्हणून लिहायला बसले. बोलताना आपण तुले-मले करतो, पण हातात पेन आला की मला शाळेतल्या बाईंची मराठी आठवते, त्याला माझा इलाज नाही. कुठे बसून लिहिते आहे ते शेवटी सांगेन. तोवर कागद चुरगळू नकोस. तुझा राग मी तुझ्या लहानपणापासून ओळखते, पण या खेपेचा राग मला तुझा वाटतच नाही, आणि माझी भीती तिथूनच सुरू झाली आहे.

आधी घरची खबर. आई बरी आहे. थंडीनं गुडघे धरलेत, तरी उन्हात खाट टाकून सुई-दोरा घेऊन बसते. काजलला गाडीत बसायला तिनं जी छोटी गोधडी शिवून दिली होती, तशीच आणखी एक शिवायला घेतली आहे. आजोबांच्या मागावरचे उमरेडच्या साड्यांचे काठ तिनं इतकी वर्षं ट्रंकेत जपले, ते आता नातीच्या बुडाखाली जाऊन राहिले, असं म्हणून स्वतःच हसते. भूपेश काहून येत नाही वं, म्हणून रोज विचारते. मी सांगते, शाळेच्या फेऱ्या असतात त्याच्या, बेसा काय शेजारी आहे का. ती मान हलवते, पण तिला पटत नाही. बाबांच्या सायलेन्सरच्या दुकानाचं म्हणशील तर काम भरपूर आहे. पोट्टे येतात आणि मोटारसायकलला हा रुंद पाइप टाकून दे म्हणतात, आवाज घुमला पाहिजे. मी म्हणते, बाबू, आवाज घुमेल, पण सिग्नल सुटला की सायकलवाला तुझ्या आधी निघून जाईल. काही ऐकतात, काही तोंड वाकडं करून दुसऱ्या दुकानात जातात.

बाबा हे सगळं चुलीच्या फुंकणीनं शिकवायचे, आठवतं का तुला? दुकानात गिऱ्हाईक नसलं की आपल्या दोघांना समोर बसवायचे. आधी भंगारातला तो मोठा पाइप तोंडाला लावून फुंकायला लावायचे. हवा नुसती पसरायची, समोरच्या राखेला ढिम्म काही व्हायचं नाही. मग फुंकणी. फुंकणीतून एक फुंकर मारली की राख उडून भिंतीला लागायची. म्हणायचे, बघा, जागा बेताची असली की धूर पळतो, आणि पळणारा धूर मागच्या धुराला आपल्यासोबत ओढून नेतो. इंजिन मोकळं होते, नवीन हवा पोटभर घेते. म्हणून उगाच रुंद पाइप लावून गाडीची ओढ मारायची नाही. हा झाला धड्याचा अर्धा भाग, आणि तो तुझ्या डोक्यात पक्का बसला.

उरलेला अर्धा भाग तुझ्यावरच शिकवला होता. बाबांनी तुला देवळापर्यंत पळत जाऊन यायला सांगितलं, आणि आल्यावर श्वास फक्त फुंकणीतून सोडायचा, अशी अट घातली. तू असा हट्टी, की तोंडातून फुंकणी काढेचना. डोळे मोठे झाले, ओठ पांढरे पडले आणि मटकन खाली बसलास. बाबांनी ती तुझ्या हातातून हिसकून घेतली. मग आपल्या दोघांना सांगितलं, बसून असताना फुंकणी पुरते, पळून आल्यावर पुरत नाही. इंजिनाचंही तसंच. धूर पळाला पाहिजे, अडला नाही पाहिजे. अडला की तो इंजिनातच उरतो, नव्या हवेला जागा मिळत नाही, गाडी दमते, तापते. आणि अडलेला धूर गप बसत नाही, जिथे सांधा ढिला असेल तिथून बाहेर निघतो. कंपनीनं दिला त्याहून बारीक पाइप आपल्या दुकानात लागणार नाही, असं त्यांनी त्या दिवशी म्हटलं होतं. तुला चक्कर आलेली होती, तू ऐकलं नसशील.

आता तुझ्या व्हॅनचं. पाइप सडला होता, बदलायचाच होता, मान्य. माझ्याकडे यायचं सोडून तू त्या विक्कीकडे गेलास, तेही मान्य, तो तुझ्या चौकातला, तुझा दोस्त. त्यानं छोट्या गाडीचा बारीक पाइप जोडला, सायलेन्सरच्या डब्यात जास्तीची जाळी कोंबली आणि सांगितलं, भाऊ, याच्यानं धूर मागे दाबून राहते, बॅकप्रेशर भेटते, पिकअप वाढते, एव्हरेज वाढते. तुलाही ते खरं वाटलं, कारण बेसाच्या गल्ल्यांमधून शाळेपर्यंत गाडी हळूच चालते, आणि हळू चालणाऱ्या गाडीला बारीक पाइप चालून जातो. सुरुवातीला ओढही बरी वाटते. तू मला किती खुशीत सांगितलंस, ताई, बाबा म्हणत होते तेच खरं निघालं. बाबांचं नाव तू घेतलंस ना, तिथे माझा जीव तुटला. बाबांनी ओढ पळणाऱ्या धुराची सांगितली होती, तू ती अडलेल्या धुराची समजून बसलास. अर्ध्या दुनियेची हीच समजूत आहे, तुझी एकट्याची नाही. पण अर्धी दुनिया पोरांना सीटवर बसवून फिरवत नाही.

काजलच्या वाढदिवसाला मी शाळेच्या फाटकाशी पेढे घेऊन आले होते, तेव्हा मी गाडीचा आवाज पहिल्यांदा ऐकला. तुला अभिमान होता, किती शांत चालते बघ म्हणालास. मला तो आवाज तोंडावर उशी धरल्यासारखा वाटला. मी तिथेच वाकून पाइप बघितला आणि हे कोणत्या गाढवानं बसवलं, असं विचारलं. चार बायकांसमोर विचारलं, माझं तोंडच तसं आहे, तुला काय नवीन आहे? एरवी तू मला माझ्याच भाषेत उलटं सुनावलं असतंस, आणि संध्याकाळी हसत घरी आला असतास. त्या दिवशी तू थरथरत होतास. दुकान तुले भेटलं म्हणून अक्कल पण तुलेच भेटली का, असं म्हणालास. माझ्या लेकीच्या जवळ येऊ नको म्हणालास. काजल पेढ्याचा डबा धरून बघत होती. मी घरी येऊन रडले, हे आईला माहीत नाही. आणि खरं सांगते, तोवर मला फक्त तुझ्या इंजिनाची काळजी होती. पोरांचं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

ते आलं तुझ्या गाडीतल्या सौरवच्या आईमुळे. ती प्रीती, स्कूटीचा सायलेन्सर जोडायला दुकानात आली होती. मी तुझी बहीण म्हटल्यावर तुझं कौतुक करत सुटली. म्हणे, आधीच्या गाडीत पोट्टे नुसता गोंधळ घालायचे, भूपेशभाऊंच्या गाडीत मात्र एकदम शांत. दुपारी घरी येतात तर सगळे पेंगलेले. आमचा सौरव तर परवा फाटकाशी उठेचना, कडेवर घेऊन वर न्यावा लागला, कुंभकर्ण झाला अगदी. ती हसत होती. माझ्या हातातला वेल्डिंगचा चष्मा मी खाली ठेवला. मला चंद्रभान आठवला.

तू तेव्हा लहान होतास, पण बाबांसोबत आपण दोघंही गेलो होतो. एका लग्नाच्या लॉनवर जनरेटर सांभाळायचा तो. पाहुण्यांना आवाजाचा त्रास नको, म्हणून मालकानं कुणाकडून तरी जनरेटरला बारीक नळी लावून घेतली होती, लांबच लांब, तीन-चार ठिकाणी वाकवलेली. चंद्रभान त्याच खोलीत खाट टाकून झोपायचा. बाबांना बोलावलं ते नळी बघायला, चंद्रभानला तोवर बाहेर आणून ठेवलं होतं. तू माझा हात धरून विचारलंस, हा किती छान झोपला ना ताई? बाबांनी सांध्यावर साचलेली काजळी बोटानं पुसून आपल्याला दाखवली. म्हणाले, जो धूर दिसतो, ज्याचा वास येतो, त्याला माणूस हात जोडून पळून जातो. हा दुसरा, न दिसणारा, बिनवासाचा जो आहे तो आधी डोकं दुखवतो, मग झोप आणतो, आणि झोप कुणाला वाईट वाटत नाही. त्या वाक्यानं मी तेव्हा घाबरले नव्हते. आता घाबरते.

प्रीती गेल्यावर मी तुझ्या सोनिकाला फोन केला. तिच्यावर चिडू नकोस, तिनं सगळं माझ्या विचारण्यावरून सांगितलं. तुझं डोकं सकाळच्या फेरीनंतर ठणकतं. तू गोळी घेऊन दुपारी असा झोपतोस, की दारावरची बेल ऐकू येत नाही. रविवारी मात्र बरं वाटतं, आणि दिवाळीच्या सुट्टीत तर डोकं दुखल्याचं तुला आठवतसुद्धा नाही. तू म्हणतोस थंडी बाधते, चष्म्याचा नंबर वाढला. मग तिनं ते काजलचं सांगितलं. की तू सगळी पोरं घरोघरी सोडलीस, गाडी लावलीस, वर येऊन जेवायला बसलास, आणि काजल शाळेतच राहिली होती. तुझी स्वतःची लेक, जी पुढच्या सीटवर तुझ्या शेजारी बसते. सोनिकानं विचारलं, काजल कुठे आहे, तर तू तिच्याकडे असा बघत राहिलास की जणू हे नाव पहिल्यांदा ऐकतो आहेस. भूपेश, तू मला रस्ताभर गाणी म्हणून दाखवणारा, आईच्या गोळ्यांची वेळ मला आठवण करून देणारा. तू पोरगी विसरणाऱ्यातला नाहीस रे.

तेव्हापासून मी फाटकासमोरच्या तुझ्या रागाकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले. तू आईला फोनवर मेलीस तरी येणार नाही म्हणालास, तेही मला नंतर कळलं. आईनं ते स्वतःजवळच ठेवलं. मी शपथेवर सांगते, ते तोंड तुझं असेल, पण बोलणं तुझं नव्हतं. रोज सकाळ-दुपार काचा लावून तू त्या गाडीत बसतोस, पोरांपेक्षा जास्त वेळ बसतोस. अशा व्हॅनचं इंजिन कुठे असतं, हे तुला काय सांगायचं. बरोबर तुझ्या आणि काजलच्या सीटखाली. पाइपाचा पहिला सांधा तिथेच. वर झाकण, झाकणाला रबराची पट्टी, आणि ती पट्टी किती जुनी आहे ते तू कधी बघितलंस का?

आणि आता ही हुरडा पार्टी. उद्या सकाळी तू पोरांना घेऊन कन्हानच्या पुढे कुणाच्या तरी शेतावर जाणार, असं सोनिकाकडून कळलं. गल्लीतली गोष्ट वेगळी. तिथे गाडी थांबते, दार उघडतं, वारं आत येतं. हायवेवर गाडी एकसारखी पळणार, भरलेली, थंडीत काचा घट्ट लावून. गाडीचं पळणं दुप्पट झालं की पाइपातला अडथळा दुप्पट होत नाही, चौपट होतो, बाबांनी हे खडूनं फरशीवर लिहून दाखवलं होतं. इंजिन गुदमरेल, ओढणार नाही, म्हणून तू आणखी पाय दाबशील, आणि तू जितका दाबशील तितका धूर त्या सांध्यातून वर येईल. तू त्या पाइपानं एकदाही हायवेला गेलेला नाहीस. बायका मात्र खुश असतील, की पोरं जाताना मस्ती करणार नाहीत. मी डोळे मिटले की मला ती गाडी दिसते. कुणी गाणी म्हणत नाही, कुणी भांडत नाही, आणि चालवणारा तू, तुझीही मान हळूहळू खाली.

आता सांगते, कुठे बसून लिहिते आहे. मी तुझ्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, तुझ्याच गाडीत बसले आहे, चारी दारं उघडी टाकून. दुपारची वेळ आहे आणि तू वर झोपला आहेस. किल्ली सोनिकानं दिली. नुसता पाइप काढला असता तर तू गाडी तशीच फडफडत नेली असतीस, तुला मी ओळखते, म्हणून पाइपही काढला, प्लगही काढले, आणि दोन्ही आत्ता माझ्या पायाशी पडले आहेत. उद्याची गाडी जाणार नाही असा निरोप सोनिकानं सगळ्यांच्या घरी पाठवला आहे. का जाणार नाही, ते मात्र त्या आयांना तू स्वतः सांगायचंस, प्रत्येकीला, कुणाचं डोकं दुखतं का, कोण पेंगतं, हे विचारून. सौरवला आज डॉक्टरकडे न्यायला मी प्रीतीला सांगितलं आहे, आणि डॉक्टरला गाडीच्या धुराचं नाव घेऊन सांग, असंही बजावलं आहे. तुझी बदनामी होईल, फेऱ्या जातील, हे मला दिसतं. त्यासाठी तू मला आयुष्यभर बोललास तरी चालेल. सीट उचलली तेव्हा रबराची पट्टी हातात तुकडे होऊन आली. काजलची गोधडी मी पत्रासोबत वर पाठवते आहे. वरून ती अजून नवी दिसते. उलटी करून बघ. आजोबांच्या साडीचा काठ कोणत्या रंगाचा होता, ते तुला खालच्या बाजूनं ओळखता येणार नाही, आणि जिथे आपली पोरगी बसते तिथे काजळी सगळ्यात जाड आहे. हे लिहिताना मी सोनिकाला सारखी वर पाठवते आहे, तू कूस बदलतोस का ते बघायला. खिडक्या तिनं उघडल्या आहेत. आता या खेपेला ती तुला हलवून उठवेल, हा कागद हातात देईल, आणि तू उठलास की आधी दवाखान्यात जायचं आहे, काजललाही घेऊन, रिक्षा खाली उभी आहे. भांडण नंतर. चार दिवस आईजवळ उन्हात खाटेवर पडून राहा, डोकं मोकळं होऊ दे, आणि तेव्हाही तुला माझा असाच राग आला, तर तो तुझाच आहे असं समजून मी निमूट ऐकून घेईन. मला फक्त एवढं पाहिजे, की माझ्याशी भांडायला तू असावास. लवकर खाली ये गा.

फाटकावर तोंड चालवणारी, तरी तुझीच,
प्रणालीताई